बेपत्ता म्हणजे गेलेला

सानपाडा
१४ सप्टेंबर २०२५

श्री. हरेश्वर तुळशीराम तांडेल यांस,

पत्र बघून दचकला असशील. मीही लिहिताना दचकतेच आहे. बत्तीस वर्षांत बहिणीने भावाला लिहिलेला हा पहिला कागद. एका घरात राहत होतो तेव्हा लिहायची गरज नव्हती आणि नंतर इच्छा नव्हती, त्यामुळे सवय नाही.

बाबा गेले. १९ ऑगस्टला दुपारी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या. एक्याऐंशी वर्षांचे होते, त्रास झाला नाही. माजी वायुसैनिक संघटनेची माणसं लांबून यायची होती म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं केलं. अग्नी मी दिला. तुला कळवायला हवं होतं हे मान्य, पण तुझा नंबर कोणाकडेच नव्हता आणि शोधत बसायला वेळ नव्हता. विशाखापट्टणमचा हा पत्ता परवा आईच्या औषधांच्या डब्यात सापडला. तिथे कसा आला ते तिला विचारलं तर तिने ऐकूच न आल्यासारखं केलं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. संघटनेने १ डिसेंबरला इथल्या विरंगुळा केंद्रात बाबांची स्मरणसभा ठेवली आहे. बाहत्तर साली त्याच तारखेला ते कैदेतून सुटून वाघा ओलांडून आले, म्हणून ती तारीख. संघटनेचे सुगत पवार म्हणून निवृत्त वॉरंट ऑफिसर आहेत, फार शिस्तीचा माणूस. त्यांचा हट्ट की सभेत मुलाने बोलायला हवं. मी म्हटलं, मुलगी बोलेल की. त्यावर म्हणाले, मॅडम, मुलगीही बोलेल आणि मुलगाही बोलेल.

तेव्हा यायचं असेल तर ये, नाहीतर चार ओळी लिहून पाठव, कोणीतरी वाचून दाखवेल. आईची तब्येत बरी आहे. आणि सानपाड्याचा फ्लॅट आईच्याच नावावर आहे, त्यामुळे तुझ्या येण्याने तुझा फायदा किंवा तोटा काहीच होणार नाही. बत्तीस वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी भांडून गेलास तो विषय कोणी काढणार नाही एवढं मी बघेन.

वैजयंती


सानपाडा
२८ सप्टेंबर २०२५

हरेश्वर,

रजिस्टर पत्राची पोच मिळाली, तिच्यावर तुझी सही आहे. म्हणजे पत्र पोचलं आणि तू गप्प आहेस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच. ठीक आहे.

सुगत पवारांना बाबांच्या नोकरीच्या सगळ्या तारखा हव्या आहेत, म्हणून मी बाबांची काळी ट्रंक उघडली. जिवंत होते तोवर त्या ट्रंकेला हात लावायची कोणाची टाप नव्हती. उघडल्यावर बघते तर आत शाळेच्या कपाटापेक्षा चांगली व्यवस्था. बदल्यांचे हुकूम एका दोऱ्यात, गॅसची पुस्तकं दुसऱ्यात, आईच्या चष्म्याचे नंबर सालवार. विमानदलात इंजिनाचा प्रत्येक तास वहीत लिहायची सवय लागली ती त्यांनी घरालाही लावली. महानगरपालिकेच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं लिपिक आहे, जनरल रजिस्टर माझ्याच ताब्यात असतं, पण असं काम माझ्याच्याने झालं नाही.

कागद लावता लावता तुरुंगाच्या गोष्टी आठवल्या. आपल्याला त्यांनी मोजून तीनच सांगितल्या होत्या. एकाहत्तरच्या लढाईत जखमींना आणायला गेलेलं त्यांचं हेलिकॉप्टर पलीकडच्या हद्दीत कोसळलं आणि पाठ भाजून ते परक्या हॉस्पिटलात शुद्धीवर आले, ही पहिली. दुसरी, कैदेतल्या पंजाबी सोबत्यांना भुकेच्या वेळी सुक्या बोंबलाची चटणी कशी करायची ते इतक्या वेळा समजावून सांगितलं की शेवटी ते सोबती झोपेतसुद्धा लसूण किती घालायची ते बोलायला लागले. आणि तिसरी जाळ्याची. वेळ जात नाही म्हणून त्यांनी घोंगडीची सुतं काढून, आपल्या गावी मोऱ्याला लहानपणी जाळी विणायचे तशी, ताटल्या ठेवायला एक पिशवी विणली. पहारेकऱ्यांना वाटलं भिंत चढायला दोर वळतोय. चार दिवस अंधारकोठडी. हे सांगताना बाबा दरवेळी हसायचे आणि म्हणायचे, कोळ्याच्या पोरानं कुठंही जावं, त्याचे हात त्याला गोत्यात आणतात.

हसायचे खरे, पण दुपारी आपल्या घराचं दार कधी बंद करू दिलं नाही. तू गेल्यावर सोसायटीने मांजरं येतात म्हणून दोनदा नोटीस काढली. बाबांनी दोन्ही नोटिसा ट्रंकेत लावून ठेवल्या आहेत, दार मात्र उघडंच.

आता एक विचारायचं आहे, त्यासाठी खरं तर हे पत्र. ट्रंकेच्या तळाशी एका प्लॅस्टिकच्या पाकिटात उरणच्या जन्मनोंदीचा उतारा सापडला. मुलगी, जन्म ११ फेब्रुवारी १९७३. आई पुतळाबाई, वडील तुळशीराम. खबर देणारा, तुळशीराम, नाते: वडील, आणि खाली बाबांची ती ठसठशीत सही. मुलीचं नाव लिहिलेलं नाही.

माझी जन्मतारीख १ जून १९७४. म्हणजे माझ्याआधी आपल्याला एक बहीण झाली होती आणि गेली. मला हे कोणी कधी सांगितलं नाही. तू तेव्हा सव्वाचार वर्षांचा असशील. तुला ती आठवते का? आईला विचारलं, तुला माझ्याआधी मुलगी झाली होती का? ती भाजी निवडत होती. तिने भाजी तशीच ठेवली आणि आत जाऊन पडली. तेव्हापासून दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. बाकीचा राग राहू दे बाजूला, पण एवढं कळव.

वैजयंती


सानपाडा
५ ऑक्टोबर २०२५

दादा,

त्याच पाकिटात आणखी एक कागद चिकटून बसला होता, तो काल सुटा झाला. देवीची लस टोचल्याचं कार्ड. तारीख मे १९७३, वय तीन महिने, नाव वैजयंती.

माझ्या डाव्या दंडावर देवीची खूण आहे. तुला माहीत आहे, तू तिला नाणं म्हणायचास.

म्हणजे बहीण वगैरे कोणी गेली नाही. ती मुलगी मीच. माझा जन्म फेब्रुवारी त्र्याहत्तरचा आहे, चौऱ्याहत्तरचा नाही. एक जूनचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. आमच्या रजिस्टरात निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली असतात, गुरुजी अंदाजाने ठोकून देत. वर्गात मी सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच का, याचं उत्तर बाबा द्यायचे की कोळ्याची हाडं आहेत. पण तुझी तारीख त्यांनी बरोबर लावली आहे, ९ नोव्हेंबर १९६८. चष्म्याचा नंबर तारखेनिशी लिहिणारा माणूस स्वतःच्या मुलीच्या जन्मात सव्वा वर्षाची चूक करणार नाही. ती चूक नव्हे, त्यांनी ती मुद्दाम केली.

मग मी बोटं मोजली. माझं कामच ते. फेब्रुवारी त्र्याहत्तरमधून नऊ महिने मागे गेलं की मे बाहत्तर येतो. आणि त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईने लिहिलं आहे, ५ डिसेंबर एकाहत्तर ते १ डिसेंबर बाहत्तर, युद्धकैदी.

मी चार वेळा मोजलं. कॅलेंडर समोर ठेवून मोजलं. मला कोणाशी बोलावं ते कळत नाही, म्हणून ज्याच्याशी बोलत नाही त्याला लिहिते आहे. तुला हे माहीत होतं का?

वैजू


सानपाडा
१२ ऑक्टोबर २०२५

दादा,

आई बोलली. शुक्रवारी मी ऑफिसातून रजा घेतली, दोन्ही कागद तिच्या मांडीवर ठेवले आणि समोर बसून राहिले. तासाभराने ती म्हणाली, चहा कर, आणि चहा निवेपर्यंत सगळं सांगितलं. तुला ठाऊक असेलच, तरी लिहिते, कारण मला ते कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय श्वास येत नाही.

डिसेंबर एकाहत्तरमध्ये मोऱ्याला तार आली. तारेत गेला असं नव्हतं लिहिलेलं. बेपत्ता एवढंच होतं. दुसरं कोणी असतं तर वाट बघितली असती. पण आपल्याकडे, आई म्हणाली तसं, बेपत्ता या शब्दाचा एकच अर्थ. तिचे शब्दच देते:

"दर्यान गेला ना गावला नाय, म्हंजे गेला. आमी कोनाची वाट बघत नाय. दर्या माघारी देत नाय. तुज्या आज्यानी तेच केला. पेंढ्याचा मानूस केला, त्याला धोतर नेसवला ना जालला. माजी काकना मी बंदरावर फोडली."

सरकारने बेपत्ता लिहिलं ते जमिनीच्या हिशेबाने, आणि कोळीवाड्याने वाचलं ते समुद्राच्या. आजोबा वाईट नव्हते. दर्यात गेलेल्याची वाट बघत बसलेल्या बायका त्यांनी उभ्या जन्मात पाहिल्या होत्या, तसं सुनेचं होऊ नये एवढंच त्यांच्या मनात. आई बावीस वर्षांची होती आणि तू तीन. तिचे माहेरचे तिला घेऊन जायला आले होते, पण तुला न्यायला तयार नव्हते. तेव्हा चैत्रात जमातीने बसून धाकट्या दिराशी, भगवानकाकाशी, तिचा पाट लावून दिला. त्यात लपवाछपवी काही नव्हती. चालच होती ती. सगळ्यांनी जेवण केलं.

आणि जुलैत दुसरा कागद आला. तुळशीराम तांडेल जिवंत आहेत. भाजलेले होते, बरेच महिने शुद्धीत नव्हते, नाव यादीत चढायला उशीर झाला. तेव्हा माझे दोन महिने झाले होते.

आई म्हणाली की घरात आनंद कोणाला करताच आला नाही. आजी रडायची आणि मध्येच हसायची. भगवानकाकाने जमातीसमोर काडी मोडून पाट तोडला, त्याच दिवशी गुजरातच्या ट्रॉलरवर चढला आणि वेरावळला गेला. मी त्याला कधी पाहिलंही नाही. तिकडे क्षयाने गेलेला एक काका, एवढीच मला त्याची ओळख. आता तो माझा कोण, हे मी मनात पूर्ण म्हणूसुद्धा शकत नाही.

बाबांना कोणी काही कळवलं नाही. कोण लिहिणार आणि काय? डिसेंबरात ते मुंबईहून लाँचने मोऱ्याला उतरले तेव्हा सगळं गाव जेट्टीवर होतं आणि पुढे आई उभी होती, आठव्यात. सासऱ्यांनीच तिला पुढे केलं होतं, जे आहे ते त्याने पहिल्यांदा बघावं म्हणून. आईने मान खाली घातली होती. तिला फक्त त्यांचे बूट दिसत होते. बूट येऊन तिच्यासमोर थांबले. बराच वेळ थांबले. मग ते बोलले, पण तिच्याशी नव्हे, मागच्या माणसांशी.

"एवढ्या उनान हिला उभी कोनी केली?"

एवढंच. तिच्या हाताला धरून घरी आणली, ओटीवर बसवली आणि पाणी दिलं. पुढे फेब्रुवारीत नोंद करायला स्वतः उरणला चालत गेले. नंतर लांबच्या बदल्या मागून घेतल्या, जोधपूर, तांबरम, नागपूर. मोऱ्याला आपल्याला लग्नकार्यालाही नेलं नाही. मला वाटायचं त्यांना बंदराचा वास सोसत नाही, मासळी मात्र रोज खातात, काय तऱ्हेवाईक माणूस.

दादा, मी हे ऐकलं आणि मला रडू आलं नाही. मी उठून कपबशा विसळल्या. अजूनही मी तशीच आहे. शाळेत जाते, दाखले लिहिते, मुलांच्या वडिलांचं नाव विचारते आणि लिहिते.

तुझ्याबद्दल आई बोलायला लागली आणि मध्येच उठली. म्हणाली, ते पुढच्या येळेला.

वैजू


सानपाडा
२ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. "मला माहीत होतं. तुला कळायला नको होतं. सभेत तूच बोल, तो हक्क तुझा आहे." अक्षर बाबांसारखं झालं आहे तुझं. पाकीट हातात आलं तेव्हा क्षणभर मला भलतंच वाटलं.

पत्र आईला वाचून दाखवलं, तेव्हा तिने उरलेलं सांगितलं. आता मी सांगते, चुकलं तर सांग.

त्र्याण्णव साली तू मोऱ्याला बरोबर शिकलेल्या एका मित्राच्या लग्नाला गेलास आणि तिथे कोणीतरी प्यालेल्याने तुला हे ऐकवलं. घरी आलास. मी तेव्हा कॉलेजच्या शिबिराला गेले होते. बाबा जेवत होते. तू आईसमोर विचारलंस, वैजू कोणाची? बाबांनी हात धुतला आणि म्हणाले, "माझी. ज्याला हे पटत नाही त्यानं या घरात जेवू नये." तू म्हणालास, पटत नाही असं नाही, मला खरं सांगा एवढंच. त्यांनी ऐकलं नाही. तू ताटावरून उठलास आणि ते म्हणाले, जातोस तर जा, पण हे तिच्या कानावर गेलं तर तू माझा कोणी नाहीस.

मी शिबिराहून परत आले तेव्हा बाबांनी मला सांगितलं की हरेश्वरला फ्लॅट स्वतःच्या नावावर हवा होता, मी नाही म्हटलं, तो शिव्या देऊन गेला.

फ्लॅटचं काही नव्हतंच. दादा, काही नव्हतंच. बत्तीस वर्षं मी तुला हावरट म्हणत आले. नातेवाइकांत म्हटलं, माझ्या नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं. पहिल्या पत्रात तुला फायद्यातोट्याचं लिहिलं, तेही तू सही करून घेतलंस. बाबांनी मला वाचवायला तुला चोर केलं आणि तू ते चालू दिलंस. मी बाबांवर चिडले आहे. मेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला माहीत नव्हतं. ज्याने जेट्टीवर आईला एका वाक्याने वाचवलं त्यालाच स्वतःच्या मुलाशी दोन वाक्यं बोलता आली नाहीत. काल त्यांच्या फोटोसमोर उभी राहून हे त्यांना मोठ्याने सांगितलं. आई स्वयंपाकघरात होती, तिने मला थांबवलं नाही.

आता माझं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुझा नंबर नव्हता. ते खोटं आहे. नंबर होता. चार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपवर तू होतास, तिथून मी तो उतरवून ठेवला होता. बाबा गेले त्या दुपारी मी तो काढला, फोन हातात घेतला, आणि खाली ठेवला. मनात हेच आलं की आता कशाला, आता हक्क सांगायला येईल, अग्नी मागेल. जन्मभर मी केलं आणि मान याला? मी नाही लावला फोन. लोकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, भावाचा पत्ता नाही. बेपत्ता आहे. हाच शब्द वापरला मी.

जो हक्क मी तुझ्यापासून दडवला तो मुळात तुझाच होता. रक्ताचा, रीतीचा, म्हणशील तसा. मला तर भटजींनी नातं विचारलं तेव्हा मी बिनदिक्कत मुलगी म्हणून सांगितलं. तू लिहितोस हक्क तुझा आहे. हे वाचून मला बरं वाटलं असेल असं तुला वाटलं का? मला ते वाचवत नाही.

आता अग्नी परत देता येत नाही. पण १ डिसेंबरला तू यावंस आणि सार्जंट तुळशीराम तांडेलांचा मुलगा म्हणून सगळ्यांसमोर उभं राहावंस, एवढंच मला हवं आहे. तू आलास तर मी बोलणार नाही, मागे बसेन. तू आला नाहीस तर मी तिथे काय तोंडाने उभी राहू? त्यांची मुलगी म्हणून एक शब्दही माझ्याच्याने निघणार नाही. पवारांना मी अजून काही सांगितलेलं नाही. मी वाट बघते. आपल्यात कोणी बघत नाही, पण मी बघते.

वैजू


सानपाडा
२३ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझं उत्तर नाही. मी ते गृहीत धरलं होतं. पण आजचं पत्र उत्तर मागायला लिहीत नाही.

काल सुगत पवार घरी आले होते. संघटनेच्या एका माणसाने अंत्ययात्रेचं चित्रण मोबाइलवर केलं होतं, त्यातलं दोन मिनिटांचं सभेत दाखवायचं आहे. कुठलं ठेवायचं ते मी सांगावं म्हणून त्यांनी ते माझ्या फोनवर पाठवलं. एकोणीस मिनिटांचं आहे. त्या दिवशीचं मला धड काही आठवत नाही, म्हणून मीही पहिल्यांदाच बघत होते. आई शेजारी बसली होती.

बिल्डिंगच्या जिन्यातून बाबांना खाली आणताना चार खांदे दिसतात. पुढचे दोघे सोसायटीतले. मागे उजवीकडे पवार. मागे डावीकडे एक उंच, टक्कल पडलेला माणूस, पांढरा शर्ट, तोंडावर मास्क. मला वाटलं संघटनेतलाच कोणी. त्या दिवशीही मला तसंच वाटलं असणार. जिना अरुंद आहे, वळणावर तो माणूस भिंतीला घासला तरी त्याने खांदा काढला नाही.

मग स्मशान. तिथे तो बाबांच्या डोक्याशी उभा आहे. मास्क हातात आहे. सगळे थोडे मागे आहेत, तो एकटाच जवळ आहे आणि त्याने बाबांच्या कपाळावर हात ठेवला आहे, ताप बघतात तसा. मग पडद्यावर मी येते, हातात पलिता, केस विस्कटलेले. आणि माझा आवाज येतो. माझाच आवाज, शाळेत पालकांना लायनीत उभं करते तो.

"काका, जरा बाजूला व्हा. घरच्यांना जागा द्या."

तो माणूस माझ्याकडे बघतो. हो, हो, म्हणतो. बाबांच्या कपाळावरचा हात काढतो आणि माणसांमागे जाऊन उभा राहतो.

मी म्हटलं, आई, हा कोण गं? चांगला माणूस दिसतो, मी उगाच ओरडले त्याला. आईने फोन हातात घेतला नाही. नुसतं लांबून बघितलं आणि म्हणाली,

"हरी हाय तो. मीच फोन केलता त्याला."

दादा, मी फोन खाली ठेवला. आई सांगत होती आणि मला ते लांबून ऐकू येत होतं. ती तुझ्याशी दर महिन्याला बोलते, शेजारच्या गोजराबाईंच्या फोनवरून, तेही मला काल कळलं. त्या दिवशी तिने फोन केला तेव्हा तू एवढंच विचारलंस, वैजूनी बोलवलंय का? ती म्हणाली, नाही. तू म्हणालास, मग मी मागे उभा राहीन, तिला सांगू नकोस. रात्रीच्या विमानाने आलास आणि दुपारच्या विमानाने गेलास. आमच्या घरात पाणीसुद्धा प्यायला नाहीस.

मी तुला ओळखलं नाही. बापाच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाला मी घरच्यांना जागा द्या म्हणाले, आणि त्याने दिली. पहिलं पत्र वाचताना तुला हे आठवलं असेल. नंबर नव्हता, शोधायला वेळ नव्हता, हे तू सही करून घेतलंस आणि वाचलंस.

मी ते पुन्हा बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. तुझ्या चेहऱ्यावर राग शोधत होते. असता तर बरं झालं असतं. पवारांना मी आज सांगितलं की दाखवायचं असेल तर हेच दाखवा, माझ्या आवाजासकट. ते म्हणाले, मॅडम, बरं दिसणार नाही. मी म्हटलं, नाहीच दिसणार.

१ डिसेंबरला ये असं मी आता म्हणत नाही. येत्या शनिवारी आईला घेऊन मी विशाखापट्टणमला येते आहे. आई जन्मात पहिल्यांदा विमानात बसेल, विमानदलातल्या माणसाची बायको असून. ती तिच्या पिशवीत सुके बोंबील घेते आहे, ते वर घेऊ देत नाहीत हे तिला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोचू. दार उघडलंस की लगेच काही बोलू नकोस. आधी मला तुला नीट बघू दे.

वैजू